सारवलेल्या भिंतीसमोर बेचाळीस मिनिटं

जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, वैशाखऱ्याजवळच्या एका पाड्यातल्या खळ्यावर शहापूरच्या एका शाळेतल्या पी.टी.च्या बाई एकट्या नाचल्या. नाच बेचाळीस मिनिटं चालला. वाद्य नव्हतं. ज्या भिंतीवरच्या चित्रासाठी तो बसवला होता, ती भिंत आदल्या दिवशी शेण आणि गेरूने सारवून टाकलेली होती. नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी हजर होतो. हातात वही होती आणि मनगटावर घड्याळ होतं, म्हणून वेळ सांगता येते.

बाईंबद्दलच्या बाकीच्या गोष्टी इतक्या नेमक्या सांगता येणार नाहीत. त्या मूळच्या कुठल्या, हे त्यांनी माझ्या माहितीतल्या तीन जणांना तीन प्रकारे सांगितलं होतं. आधी त्या मोठ्या शहरात शास्त्रीय नृत्य शिकवत असत आणि एका कार्यक्रमाच्या मध्यावर घुंगरू सोडून निघून आल्या, असं शाळेत म्हणत. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मध्यावर नाही. संपल्यावर. लोक वाढवून सांगतात."

मी शहापुरात एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बाई माझ्या शेजारच्या खोलीत राहत. मधली भिंत पातळ होती. पहाटे साडेपाचला पलीकडे पावलं पडू लागत आणि साडेसहाला थांबत. पहिल्या महिन्यात मी तक्रार केली. त्या म्हणाल्या, "बातमी अडली की तुम्ही खुर्ची मागे ओढता. दिवसात वीसेक वेळा. मी काही म्हणाले?"

गळ्यात शिट्टी कायम असे. अकरा वर्षांत ती वाजलेली मी ऐकली नाही. मैदानावर दोनशे मुली धावत असताना त्यांना थांबवायचं झालं, तर बाई स्वतः थांबत. आधी जवळच्या मुली थांबत, मग त्यांच्या पलीकडच्या. मोजून सात-आठ सेकंदांत सगळं मैदान उभं. हे मी कुंपणाबाहेरून अनेकदा पाहिलं आहे आणि दरवेळी पाहायला थांबलो आहे.

त्यांच्या पर्समध्ये गवंड्याचा ओळंबा असे. आंतरशालेय स्पर्धांचे निकाल घ्यायला मी पहिल्यांदा शाळेत गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "निकाल देते. आधी उभे राहा." मी उभा राहिलो. त्यांनी माझ्या कानाजवळ दोरी धरून वजन खाली सोडलं, ते डोलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "डावा खांदा दोन बोटं खाली. फोन त्या बाजूला धरता." खरं होतं. त्या दिवसापासून मी फोन उजवीकडे धरू लागलो. खांदा अजून तसाच आहे.

एसटीत त्या बसत नसत. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणारी गाडी रविवारी बरीचशी रिकामी असे, तरी बाई दांड्याला धरून उभ्या. कंडक्टर त्यांना ओळखत.

"बाई, आख्खी गाडी मोकळी हाय. बसा की. मला बघून पाय दुखाया लागलं."

"बसलं की रस्ता कळत नाही."

"मंग डायवर कसा बसून चालवतो?"

"त्याला विचारा कळतो का."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

शाळा सुटल्यावर त्या कधीकधी आटगाव स्टेशनबाहेर जाऊन उभ्या राहत. तिथे पाड्यांवरच्या बायका डोक्यावर लाकडांच्या मोळ्या घेऊन येत आणि सावलीत टाकत. मोळी डोक्यावरून जमिनीवर येते तो क्षण बाई पाहत. ओझं वाहताना सगळी माणसं सारखीच दिसतात, उतरवताना वेगळी होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा मीही बरोबर होतो. एकीने मोळी टाकली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "काय गो बाई, रोज रोज आमाला काय बघता? सून शोधता का?"

"मोळी टाकताना आधी काय सोडता? हात की मान?"

"आधी नवऱ्याला शिवी सोडतो. मंग मोळी."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मोठ्याने की मनात?"

"मनात गो. मोठ्यानं दिली तर त्यो मोळी घेईल का माझी?"

हे बाईंनी लक्षात ठेवलं. त्याचा उपयोग पुढे झाला.

आता चित्रकाराबद्दल. त्याला सगळे पेंटर म्हणत. तो वैशाखऱ्याजवळच्या त्या पाड्यावरचा. मुंबईत चित्रकलेच्या शाळेत एक वर्ष काढून परत आला होता; का आला, ते त्याने घरीही सांगितलं नाही. मुरबाड आणि शहापूरमध्ये दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर, निवडणुकीच्या भिंती रंगवायचा. हात चांगला होता. पण काम पूर्ण झाल्यावर त्याला ते बघवत नसे. एका किराणा दुकानाची पाटी त्याने चार दिवसांत तीनदा खरवडली आणि तिन्ही वेळा हुबेहूब तशीच काढली. चौथ्या दिवशी दुकानदाराने शिडी काढून घेतली.

बाईंच्या शाळेत तो दरवर्षी मैदानाच्या रेषा आखून द्यायचा. नव्वदीच्या मध्यावर, तालुक्याच्या खो-खो सामन्यांच्या सकाळी, मैदानावर रेषा नव्हत्या. पांढऱ्या फक्कीने काढलेला एक माणूस होता, हात पसरून पडलेला, एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत. पेंटर गोलपोस्टला टेकून बसला होता. बाहेरगावचे संघ येऊन थांबले होते. हेडमास्तर ओरडत होते. बाई मैदानाच्या कडेने एक पूर्ण फेरी चालल्या. मग त्यांनी आपल्या मुलींना त्या माणसाच्या बाह्यरेषेच्या कडेने धावायला लावलं, रेषेवर पाय न देता. मुली डोक्यापासून निघाल्या आणि पायांवरून परत डोक्याशी आल्या. त्यानंतर बाईंनी झाडू मागवला. सामने दीड तास उशिरा सुरू झाले. उशिराची बातमी मी दिली होती. माणसाची दिली नव्हती, जागा नव्हती.

पेंटरला त्या वर्षापासून काम मिळणं बंद झालं. त्याला आवाज ऐकू येत. भगताकडे नेलं, मग सरकारी दवाखान्यात. औषधं घेतली की हात थरथरत, म्हणून तो ती घेत नसे. दोन वर्षं तो घरीच होता. घर थोरल्या बहिणीचं, चांगुणाचं. तिला नवरा नव्हता आणि मूलही नव्हतं. त्या दोन वर्षांत पेंटरने खळ्याकडच्या भिंतीवर एकच चित्र काढलं. मग त्याला पुन्हा दवाखान्यात नेलं, आणि घरी आणल्यावर नवव्या दिवशी तो गेला. कागदावर कारण कावीळ असं होतं.

भिंत कुडाची होती, कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली. चित्रात अकरा माणसांच्या जागा होत्या. चुना, काजळी आणि पाट्यांचा उरलेला ऑइलपेंट. डावीकडून उजवीकडे माणसं रस्त्यावरून पाड्याकडे येत होती, प्रत्येकाच्या डोक्यावर किंवा खांद्यावर काहीतरी: मोळी, हंडे, नांगर, आजारी माणूस, पत्र्याची पेटी. चेहरे कोणालाच नव्हते, तरी पाड्यातले लोक बोट ठेवून नावं सांगत. आठव्या जागी माणूस नव्हता. तिथे खड्डा होता, माणसाच्या उंचीचा, विळ्याने खरवडलेला.

"तिथं त्यो सोताला काढायचा," चांगुणा सांगे. "महिनाभर ठेवायचा. मंग एक दिस उठला की इळा घेऊन खरवडायचा. वर माती लिंपायचा, परत काढायचा. चार येळा काढला. मी बघितलंय."

"पाच वेळा," बाई म्हणत.

"चार. मधी दीड महिना मी वीटभट्टीवर होते, बाकी सगळा टाइम हितंच."

"खड्ड्याच्या काठावरून बोट फिरवलं की थरांच्या कडा लागतात. पाच आहेत."

"बाई, भाव माझा, भित माझी. चार."

हे भांडण सहा वर्षं दर रविवारी झालं. भांडून दोघी भाकरी खायला बसत.

सहा वर्षं, कारण पेंटर गेल्यानंतर बाई त्या भिंतीवर काम करत होत्या. नाच हा शब्द त्या वापरत नसत, काम म्हणत. हेडमास्तरांनी एकदा विचारलं होतं, "बाई, या वयात नाच?" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "या वयातच. आधी नुसतं उडत होते." पेंटरचं आयुष्य अकरा आकृत्यांतून दाखवायचं, असं ते काम होतं. भिंतीवरच्या प्रत्येक माणसाशेजारी त्या ओळंबा सोडत आणि तो माणूस किती कलला आहे ते बोटांनी मोजत. तिसरी बाई चार बोटं डावीकडे. सहावा माणूस अडीच बोटं पुढे. मग वळून खळ्यावर तेवढ्याच कलत. एका आकृतीला काही महिने लागत. चांगुणा भात पाखडता पाखडता बघे आणि चुकलं तर सांगे: "त्यो असा नाय वाकत. त्याचा गुडघा धरलाय."

त्यांना स्वतःला दाखवायचं नव्हतं. त्यांना भिंत दाखवायची होती. हे त्या दरवेळी स्पष्ट सांगत. काम अशा तऱ्हेने बसवलं होतं की बघणाऱ्याची नजर शेवटी त्यांच्यावरून घसरून चित्रावर जावी. मुंबईतल्या एका नृत्यसंस्थेच्या तिघांना त्यांनी तीन वर्षं पत्रं लिहिली, तेव्हा ते यायला तयार झाले. चांगुणाला सिमेंटचं घर मंजूर होण्याच्या बेतात होतं. भिंत पडण्याआधी जाणकार माणसांनी ती एकदा पाहावी, एवढंच बाईंना हवं होतं.

फोटो काढू देत नसत. "फोटो निघाला की इथवर यायचं कारण संपतं." मी एकदा न विचारता एक काढला. त्यात डावीकडचे सात जण आले. दुसऱ्यासाठी सरकलो तर बाई मध्ये उभ्या. तो एक फोटो सोडला तर त्या चित्राची दुसरी नोंद नाही.

शनिवारी चारच्या सुमारास आम्ही पाड्यावर पोचलो. चांगुणा आणि पाच-सहा बायका ओट्यावर बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात लाल. खळं चोपून, सारवून गुळगुळीत केलेलं. आणि भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओली, लाल, मोकळी.

"बघा बाई, कशी लखलखते," चांगुणा म्हणाली. "सकाळधरनं लागलो होतो."

मी विचारलं, "भिंत का सारवली?"

"का म्हंजे? बाईच बोलल्या ना, मुंबईची माणसं येणार, लग्नाला करता तसं खळं करून द्या. लग्नाला भुई सारवून भित तशीच पारोशी ठेवतो का आमी? सहा वरसं हात नव्हता लावला. लोक नावं ठेवायचे. पावण्यांसमोर कशी ठेवू? ते येणार बाईंचं काम बघाया, भित थोडीच बघणार?"

बाई भिंतीपाशी गेल्या. तळवा टेकला.

"किती हात दिलेत?"

"दोन. लग्नाचं काम, एक हात देऊन भागंल का?"

मग चांगुणाने बाईंच्या तळव्याकडे पाहिलं. तो आठव्या जागेवर होता. तिने भिंतीकडे पाहिलं आणि ती खाली बसली.

"आयो. म्या काय केलं गो. माझ्या भावाला लिंपला."

"मी सांगितलं तेच केलंत," बाई म्हणाल्या. "चूक सांगणाऱ्याची."

ओट्यावरची एकजण उठली. "ओली हाय अजून. पाणी मारून धुऊ."

"नको. खालचा चुनाही निघेल."

टोकावड्यात जाऊन मुंबईला फोन करावा, पाहुण्यांना थांबवावं, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, "नऊला सुरू होईल." त्यांनी एकच गोष्ट मागितली. बायकांनी तांदळाच्या पिठाची वाटी भिजवून ठेवली होती. लग्नात सारवलेल्या भिंतीवर चौक काढतात, तसा काढायला. तो काढू नका, भिंत मोकळी ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

रविवारी तीन पाहुणे जीपने आले. त्यांना बाईंनी काही सांगितलं नाही. पाड्यातली चाळीसेक माणसं कडेने बसली. चांगुणा भिंतीच्या उजव्या टोकाला, गुडघ्यांत डोकं घालून. बाईंनी साधी सुती साडी कासोटा घालून नेसली होती. गळ्यात शिट्टी होती.

त्या भिंतीच्या डाव्या टोकाशी उभ्या राहिल्या आणि डोक्यावर काही नसताना मोळीखाली वाकल्या.

माझ्या वहीत तो फोटो होता. मी ताडून पाहत होतो. पहिली, दुसरी, तिसरी. जागा, अंतर, कल. तिसरीला त्या डावीकडे कलल्या, चार बोटं असतील. पाड्यातल्या लोकांनी नावं घ्यायला सुरुवात केली. आधी हळू, मग उघड. "सोमाची आय." "नांगर बघ, बुधा हाय." सहाव्या माणसाच्या पाठीवर आजारी माणूस होता, त्या एकट्या असून दोघं दिसत होते. हे कसं केलं ते मला सांगता येणार नाही. मी दोन मीटरवर होतो. त्याआधी, पहिल्या मोळीवालीने मोळी टाकायच्या आधी ओठ हलवले होते. समोरच्या बायकांत खसखस पिकली होती. "शिवी दिली बघ गो!" सातही आकृत्या फोटोबरहुकूम होत्या. एकही जागा चुकली नाही. मागची भिंत कोरी होती आणि मला तिच्यावर माणसं दिसत होती. बातमीदाराने असं लिहू नये. पण वहीत तसंच लिहिलेलं आहे.

आठव्या जागी त्या रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या. मग उजवा हात विळ्यासारखा वाकवून कपाळापासून बेंबीपर्यंत स्वतःला खरवडलं आणि खाली कोसळल्या. उठल्या, भिंतीवर दोन्ही तळवे थापले, पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा खरवडलं. चांगुणाने डोकं वर केलं. ती मोठ्याने मोजू लागली. "दोन." तळवे लाल झाले होते. "तीन." "चार." चौथ्यानंतर बाई उठल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

"नाय," चांगुणा म्हणाली. "चार."

बाईंनी पाचव्यांदा खरवडलं. हे सर्वांत सावकाश होतं. मग नववी, दहावा, अकरावी. अकरावीने पत्र्याची पेटी खळ्यावर ठेवली आणि सरळ उभी राहिली. नऊ वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणाला सुचलं नसावं. पाहुण्यांपैकी एकाने थोड्या वेळाने विचारलं, "पण ते चित्र कुठे आहे?"

चांगुणा उठली. डाव्या टोकाला गेली आणि कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं. "हितं सोमाची आय, मोळी घेऊन. हितं हंडेवाली. तिसरी ही." दुसऱ्या बायका उठल्या. "नाय गो, हंडे थोडे अलीकडं." त्या भिंतीवर जागा ठरवू लागल्या, वाद घालू लागल्या, ओळंब्याशिवाय. पाहुणे त्यांच्या बोटांमागोमाग सरकत गेले. आठव्या जागी चांगुणाने बोट ठेवलं नाही, सगळा तळवा ठेवला. "हितं माझा भाव."

ते तिघं त्या भिंतीसमोर आणखी तासभर होते.

जाताना पाहुण्यांतल्या ज्येष्ठ स्त्रीने विचारलं, आठव्या आकृतीत एक आवर्तन जास्त झालं का. बाई म्हणाल्या, "चांगुणा चार म्हणते. मी पाच म्हणते." मुंबईत हे काम करण्याचं आमंत्रण आलं. बाईंनी नकार कळवला. पुन्हा त्यांनी ते कुठेही केलं नाही. मी कारण विचारलं. "एकदा झालं," एवढंच म्हणाल्या.

माझी बातमी आठ ओळींची आली. त्यात एक वाक्य असं होतं: 'आठव्या आकृतीच्या वेळी लय चुकल्याने एक भाग पुन्हा करावा लागला, असे चित्रकाराच्या बहिणीचे म्हणणे आहे.' चांगुणा लय चुकली असं म्हणाली नव्हती. ती फक्त चार म्हणाली होती. बाकीचं मी जोडलं होतं. बाईंनी अंक वाचला, घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"'म्हणणे आहे' लिहिलंत. म्हणजे तपासलं नाहीत."

"आता कसं तपासणार?"

"भिंत आहे की," त्या म्हणाल्या आणि शाळेत गेल्या.

त्या निवृत्त झाल्या आणि उंबरमाळीला एक खोली घेऊन राहिल्या. तिथे तिसऱ्या हिवाळ्यात गेल्या. शाळेला अर्धा दिवस सुटी दिली होती. मैदानावर शोकसभा झाली, मुली बराच वेळ न हलता उभ्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात चांगुणाच्या रखडलेल्या सिमेंटच्या घराचं काम सुरू झालं. तिने एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवला: भिंत पाडली, बाई नाहीत तर तुम्ही तरी या. मी गेलो. कूड उतरवून काठ्या एका बाजूला रचल्या होत्या. आठव्या जागेचा, खड्ड्याच्या काठाचा तुकडा तिने वेगळा काढायला लावला होता, तो गोणपाटावर ठेवलेला होता. हातभर लांब, वीतभर रुंद.

"मोजा," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांना दिसत नाय."

तुटलेली बाजू उन्हाकडे केली. सर्वांत वर लग्नाच्या सारवणाचे दोन लाल थर होते. खाली माती, आणि मातीत एकाखाली एक पांढऱ्या चुन्याच्या बारीक रेषा. मी पेन्सिलीचं टोक लावून वरून खाली मोजलं, मग खालून वर.

रेषा पाच होत्या.